कसबा बावड्यातली घुबडांची वही

एस.टी.तून कोल्हापुरात उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन दस्ते कागद होते आणि डोक्यावर माझ्या संशोधनाच्या सरांचं फर्मान : जखमी पक्ष्यांच्या नोंदी आणा. घुबडं कमी का होताहेत, हे पुण्यात खुर्चीवर बसून त्यांना कळत नव्हतं. म्हणून मला धाडलं होतं.

टांगा कसबा बावड्याला लागला. साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला, तो मुक्काम संपेपर्यंत हलला नाही. हुसेनचाचा गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. आसपासची माणसं जखमी पाखरं त्यांच्याकडेच आणत, आणि प्रत्येकाची नोंद ते एका वहीत करत. मी पोचलो तेव्हा ओसरीवर बसून ते एका घुबडाला चिमट्यानं मांस भरवत होते.

"आधी पाय धुवा, पावणं. घुबड कुठं जात न्हाय."

वही पुण्याला न्यायची परवानगी मागितली.

"मागं एक सायब घेऊन गेलता. अजून परत येतोय त्यो! हितंच बसून उतरवा की."

बसलो. एका घारीची नोंद होती : 'गाव गारगोटी. तक्रार, पंख मोडला. निकाल, मला चावून उडाली.' इतकी प्रामाणिक शास्त्रीय भाषा मी प्रथमच वाचत होतो. दुपारी चाचींनी भाकरी नि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) वाढला. मी नाक पुसत होतो तेवढ्यात घुबडानं माझ्या कागदावर पांढरी सही ठोकली.

संध्याकाळी चाचांनी माझं लिखाण चाळलं. "मेल्याली कुठं हायत?"

"सरांना बरे झालेले पक्षी हवेत."

"मग पुण्यातच बसून लिवायचं हुतं!"

दुसऱ्या दिवशी निमूटपणे मेलेली उतरवायला घेतली. चार पानांनंतर हात थांबला. घुबडामागून घुबड, तक्रार तीच : मान लुळी, अंगाला झटके. शिवार उसाचं. आणि प्रत्येक वेळी चाचांचा शेरा : उंदरांचं औषध टाकल्यानंतरचे दिवस. विष खाल्लेले उंदीर ही घुबडं खात होती.

तेवढ्यात शेजारचे दत्तू पाटील टॉवेलात एक घुबड गुंडाळून आले. त्याची मान लोंबत होती.

"औषध टाकलंतंस व्हय?" चाचांनी वही ओढली.

पाटील भडकले. "ह्यो पुण्याचा माणूस नावं घेऊन जाणार, आनि माझ्यावर केस व्हणार!"

"नाव न्हाय लिवत, दत्तू. शिवार लिवतो."

चाचांनी चोचीत पाणी सोडलं, ते तसंच बाहेर ओघळलं. थोड्या वेळानं घुबड टॉवेलातच गेलं. पाटलांनी टॉवेलाचं टोक त्याच्या अंगावर ओढलं.

"रोज माझ्या गोठ्यावर बसायचं ह्ये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिवा माझं नाव. मीच टाकलंतं. नाव असल्याबिगर गावात कोण ऐकणार?"

तिसऱ्या दिवशी परतीची एस.टी. पकडली. कागद मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. ते हरवले असते तर ती घुबडं दुसऱ्यांदा मेली असती.

पुण्यात सरांनी पानं उलटली आणि तोंड वाकडं केलं. "यश फारच कमी दिसतंय."

म्हटलं, "सर, बरी झालेली उडून गेली. काय घडलं ते सांगायला हीच मागं राहिलीत."