देवराव मिस्त्रीनं कापायला लावलेले अकरा जोड

देवराव मिस्त्री गेले, तेव्हा मी त्यांच्याशी अबोला धरून बसलो होतो.

माझं कोणाशी ना कोणाशी वाजलेलंच असतं. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं. तेव्हापासून मी कॉलेजात नाही, पांढुर्ण्यात मिस्त्रींच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात आहे.

मिस्त्रींचा धर्म एकच. गाडीची वायर उघडी दिसली नाही पाहिजे.

वायरींच्या जुडग्यावर चुण्यांचा काळा पाइप, अन् प्रत्येक जोडावर स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बारकी नळी. गरम केली की आक्रसून घट्ट बसते. पण ती जोड मारायच्या आधी वायरीत ओवावी लागते. नंतर जातच नाही.

"अबे, सदरा घातल्यावर बनियान घालतं का कोणी?" हे मी रोज ऐकलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात सौंसरची एक मुलगी स्कूटी ढकलत दुकानात आली. उंदरांनी वायरिंग खाल्ली होती.

नाव लिहीत नाही. तिचे दोन भाऊ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

ती माझ्याच वर्गातली. कॉलेज सुटल्याचं मला दुःख नव्हतं, ती सुटल्याचं होतं.

ती समोर स्टुलावर बसली. मी अकरा वायरी जोडल्या. काय सोल्डर मारलं होतं! मान वर केली.

अकराच्या अकरा स्लीव्ह टेबलावर.

"काप," मिस्त्री म्हणाले.

"वरून टेप मारतो ना!"

"काप म्हटलं ना बे. सगळे."

"काल त्या ट्रॅक्टरवाल्याले तुम्हीच टेप मारून दिली!"

"ट्रॅक्टरवाल्याले घाई होती." मग तिच्याकडे वळून, "बसा जी बाई. तीन घंटे लागतीन. पोट्टं हुशार हाय, फक्त डोकं जाग्यावर नाही."

तिच्यासमोर!

अन् स्वतः "तिगावले काम हाय" म्हणून निघून गेले.

मी दातओठ खात कापून राहिलो.

ती म्हणाली, "तू कॉलेज काहून सोडलं?"

मी म्हटलं, "सोडलं."

तासाभरानं म्हणाली, "वर्गात आता मजा नाही येत."

मी म्हटलं, "पक्कड सरकवा जरा."

हो. असंच म्हटलं. डोक्यात मिस्त्री होते ना.

काम मात्र असं पक्कं झालं की ती स्कूटी पुन्हा कधी बिघडलीच नाही. ती पुन्हा आलीच नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, बोरगावला.

तेव्हापासून मिस्त्रींशी मी फक्त "पाना द्या" अन् "झालं" एवढंच बोललो.

आज तेरवी होती. पंगतीत वाढता वाढता मिस्त्रीणकाकू माझ्यापाशी थांबल्या.

"तुह्यासाठी एक दिवस तिगावले गेले होते ना रे ते?"

"माह्यासाठी? काम होतं त्यायचं."

"कायचं काम! टेशनच्या बाकड्यावर बसून राहिले तीन घंटे, भर उन्हात. घरी येऊन म्हणे, टेपनं अर्ध्या घंट्यात होत होतं, पण पोट्ट्याले जरासा टाइम भेटला पाहिजे. मग मलेच इचारे, काही बोललं असन का वो त्यानं?"

मी पानावरून उठून गेलो. लोकांना वाटलं, भाजी तिखट लागली.

मिस्त्री, काहीच नाही बोललो जी.

तीनही तास तुम्हाला शिव्या देत होतो.

जा आता सावलीत. तुमच्या पोट्ट्याचा वाकून नमस्कार.