बिनवाफेचा चहा

माझी बायको तीन महिन्यांपूर्वी वारली, असं मी लिहिलं तेव्हा ती माझ्याच शेजारी बसून मेथी निवडत होती.

दोष सरांचा. नव्वदच्या दशकात मी सुरतेत, गोडादऱ्याला दिवसपाळीत कापडाचा लूम चालवायचो आणि बाहेरून बी. ए. करायचो. रविवारच्या वर्गात सर म्हणाले, "गोष्ट सांगणाऱ्यावर नेहमी विश्वास ठेवायचा नसतो. असा एक अविश्वसनीय निवेदक रंगवून आणा." मी रंगवला! त्याची मेलेली बायको रोज चहा आणते, पण चहाला वाफ नसते. तिचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. तिचं नाव सुमन. (दुसरं सुचेना, म्हणून खऱ्या बायकोचंच वापरलं. प्रतिभा म्हणतात ती हीच!)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. सुमनने चहा ठेवला. गार! वाफेचा पत्ता नाही.

"अगं, हे काय?"

ती माझ्याकडे एकटक बघत काहीतरी बोलली. ओठ हलले, आवाज नाही. बारा तास लूमचा खडखडाट ऐकून कान बधिर झाले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून भाजीवाला ओरडला, "बटाका... डुंगळी..." स्वच्छ ऐकू आलं!

कपबशी खाटेजवळ ठेवली. तसाच शेजारच्या खानदेशी लताकाकूंकडे धावलो.

"काकू, आमची सुमन आज तुमच्याशी बोलली का हो?"

काकूंचा चेहरा पडला. "कोनती सुमन? भाऊ, तीन महिना व्हयनात. आते तरी सोताले सावरा."

परतलो तर घर रिकामं, स्टोव्ह थंड. मी देवासमोर हात जोडले. कथा नापास होऊ दे, पण माझी सुमन असू दे! आणि चक्क रडलो.

खाटेवर वही उघडी होती. माझ्या शेवटच्या ओळीखाली सातवी पास सुमनचं गोल अक्षर होतं : 'ह्या माणसाचं खरं मानू नका. तोच तीन महिन्यांपूर्वी वारला. मी अजून रोज चहा ठेवते, तो पीत नाही.'

कप भरलेलाच होता. मी आरशाकडे धावलो. दिसलो! (जीव भांड्यात पडला.)

तोच दारामागून दोन बायका फिदीफिदी हसल्या. सुमन काकूंकडचा वाफाळता चहा घेऊन पुढे आली, मागे लताकाकू.

"मरेल बाईना हातना चहा कसा लागस?" काकूंनी विचारलं.

सरांनी माझ्या चार पानांवर काट मारली आणि शेवटच्या तीन ओळींखाली लिहिलं, 'इथे लेखक सापडला!'

ते कौतुक माझंच, असं मी आजही चारचौघांत सांगतो. कुणाचाही विश्वास बसत नाही.