आत्याबाईंची सूर्यमाळ

आत्याबाई धडधाकट असतानाच त्यांचं मृत्युपत्र चोरून ऐकायचं मी ठरवलं होतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं.

अलिबागहून लग्न होऊन जव्हारला येऊन मला चारच महिने झाले होते. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. त्यांच्या स्त्रीधनाची पेटी त्यांच्या उशाशी असे आणि आम्हा दोघी सुनांच्या डोक्यात. एका दुपारी त्यांनी कचेरीतल्या कारकुनांना बोलावून दार लोटून घेतलं. मी दाराबाहेर तांदूळ निवडायला बसले (उजेड नेमका तिथेच चांगला होता). आतून आवाज आला, "स्पष्ट लिहा. सगळं सोनं सूर्यमाळसाठी. आणि घरात एवढ्यात कुणाला कळायला नको."

सूर्यमाळ! मोहनमाळ ठाऊक होती, बोरमाळ ठाऊक होती. ही कुठली नवी? ('माळेसाठी' म्हणायला हवं होतं, पण सासरचं व्याकरण सुधारायची ती वेळ नव्हती.) सगळं सोनं आटवून एकच माळ घडवायची, हे उघड होतं. ती कुणाच्या गळ्यात पडणार, हेही उघड होतं. जाऊबाई रोज आत्याबाईंचे पाय चेपत. दुसऱ्या दिवसापासून डावा पाय मी धरला.

"दोघी मिळून पाय उपटून नेणार का माझे?" आत्याबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी आमच्याकडे भात कांडायला येणारी पवळी आत्याबाईंच्या कानाशी लागलेली दिसली. "सूर्यमाळचं कागदावर पक्कं झालं ना, आत्याबाय?"

म्हणजे हीसुद्धा कटात! मी तिला उखळापाशी गाठलं.

"तू सूर्यमाळ पाहिलीस?"

"पायली म्हंजे? माझीच हाय की."

"तुझी?"

"माझी, माझ्या बापाची, समद्यांची."

"आणि आहे कुठे आत्ता?"

"कुठं आसंल, बाय? डोंगरावर."

मी तडक आत गेले. मामंजी जेवायला बसले होते. सुनेने त्यांच्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी पदर ओढून भिंतीला सांगितलं, "पवळीने आत्याबाईंची सूर्यमाळ डोंगरावर लपवलीय. फौजदाराला बोलवा."

जाऊबाईंच्या हातातली पळी वाटीतच राहिली. "अगं, सूर्यमाळ गाव आहे. पवळीचं."

आता आत्याबाईंना सांगावंच लागलं. उन्हाळ्यात त्या डोंगरावर बायका झऱ्याशी बसून करवंटीने पाणी गोळा करतात. आपल्यामागे आपल्या सोन्यातून तिथे विहीर व्हावी, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. भाऊ आडवा येईल म्हणून चोरून लिहिलं होतं, आणि भाऊ आडवा आलाच.

"घरातलं सोनं बाहेर जायचं नाही, आक्का."

पवळी दारात मुसळ घेऊन उभी होती. मला रडू फुटलं. एक तर तिला चोर ठरवलं, वर तिच्या गावाचं पाणी तोडलं. मी तिथेच तिची माफी मागितली.

"सोनं माझं आहे, अण्णा," आत्याबाई म्हणाल्या.

"मान्य. पण तू गेल्यावर कारकून आणि मुकादम ते खाऊन टाकतील. विहीर खणली की नाही, बघणार कोण?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही. अशी संशयी बाई काठावर बसल्यावर कोण काय खाईल?"

मामंजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना ते लगेच पटलं.

अशी सूर्यमाळ माझ्या गळ्यात पडली. आत्याबाई गेल्यावर मी डोंगर चढून गेले. मुकादमाला प्रत्येक दगड दोनदा मोजायला लावला, आणि पाणी लागलं तेव्हा ते कुणी हंड्याने आणून ओतलेलं तर नाही ना, म्हणून रात उलटेपर्यंत कुणाला भरू दिलं नाही. सकाळी ते हातभर वाढलं होतं. मग पवळीने पहिला हंडा भरला.

जाऊबाई अजून मला बाजूला घेऊन विचारतात, "खरं सांग, त्या विहिरीतून तुला काय मिळालं?" मी सांगते, पाणी. त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या जागी मी असते, तर माझाही बसला नसता.