तुळशीसकट सोनईला

आधी हातातली कपबशी खाली ठेवा. नाही, ठेवाच. हा किस्सा ऐकताना आजवर तिघांनी चहा सांडलाय, आणि त्यातल्या दोघांनी माझ्याच शर्टावर!

माझ्याइतका गाढव माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा सापडला तर मला दाखवा. मी त्याला हार घालीन.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. राहात्यात माझं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. विहिरी आटल्या, इंजिनं बंद पडली, आणि मी बसलो माशा मारत. रिकामा मेकॅनिक कधी काय करील याचा काही नेम असतो का?

एके दिवशी दारात एक गाडी येऊन थांबली. आत एक गोरा आणि एक गोरी. पंख्याचा पट्टा तुटला होता. पट्टा बसवता बसवता मी सहज मागं डोकावलो आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली! अहो, गाडीत पलंग! गाडीत स्टोव्ह! गाडीत तोंड धुवायचं भांडं, आणि त्याला चक्क नळ! गोरीनं तिथंच चहा करून मला दिला. चहा अगदीच पाणचट होता. पण मी रस्त्यावर असून घरात बसलो होतो, त्याचं काय?

झालं. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना.

महिन्याभरात नगरला लष्कराच्या मोडीच्या लिलावातून मी एक जुनी ॲम्ब्युलन्स उचलून आणली. इंजिन मी उघडलं, आतलं लाकूडकाम आमच्या रघू सुतारानं केलं. दोन बाजूंना बाकं, रात्री त्यांचाच पलंग. स्टोव्हला कप्पा, पाण्याला पिंप, खिडक्यांना बायकोच्या जुन्या पातळाचे पडदे. फिनेलचा वास तेवढा काही केल्या जाईना.

आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. म्हणाली, "ह्यात मेलेली मानसं नेली असतील रे."

"जखमी नेली गं आई. मेलेली नाही."

"मंग जखमी काय सगळी वाचली व्हय?"

मी पडद्याचा खिळा ठोकायला घेतला.

आता मुद्द्याकडं येतो. माझी धाकटी बहीण सुमन लग्नाची होती. दोन चांगली स्थळं ठरता ठरता फिसकटली होती, आणि आईनं त्याचा असा घोर घेतला होता की तिला अन्न गोड लागेना. अशात सोनईचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरची पाटाखालची जमीन, माणसं सरळ. मुलगी बघायला पाहुणे आले तेव्हा आमच्या दोन्ही पोरांना गोवर आला होता, म्हणून तो कार्यक्रम आम्ही श्रीरामपूरला मावशीच्या घरी उरकला. मुलगी पसंत पडली. आता आम्ही सोनईला जायचं, घर बघायचं, बोलणी करायची आणि सुपारी फोडायची.

मी म्हटलं, हीच वेळ! सोयऱ्यांना दाखवूच, मुलीचा भाऊ कसला हुन्नरी आहे ते. शिवाय दुष्काळाचं साल. आपण पाच माणसं त्यांच्या दारात जाऊन त्यांचं पाणी कशाला संपवायचं? आपलं पाणी, आपला स्वयंपाक, आपलं अंथरूण. त्यांना काडीचा त्रास नको. विचार चांगला होता की नाही, तुम्हीच सांगा!

निघायच्या दिवशी आई तुळशीचं डेरेदार रोप कुंडीसकट घेऊन गाडीपाशी उभी.

"आई, तुळस कशाला?"

"घरी कोन पानी घालनार तिला? घरात लगीन निघालंय अन् तुळस वाळली, म्हंजे?"

तुळशीपाठोपाठ देव आले. त्यांची रोजची पूजा कोण करणार? बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे पितळी डब्यात बसून गाडीत चढले. मी उलट खूश झालो. मी गाडीत देवांसाठी कोनाडा केला होता ना! भांडी आत इतकी खणखणायला लागली की शकूनं, म्हणजे आमच्या बायकोनं, ती सगळी सुतळीत ओवून मागच्या दाराला बाहेरून टांगली. सुमनला आदल्या दिवशीच मावशीकडं पोचवलं होतं, घराला कुलूप लावलं, आणि निघालो.

रस्त्यानं पूर्वेकडची माणसं बैलगाड्या भरून चालली होती. गाडीत वाकळा, चूल, भांडी, वर बसलेली म्हातारी. पाणी आणि काम असेल तिथं जायला निघालेले लोक ते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमच्याकडं बघून हात वर केला, आपल्यातलंच कुणी समजून. मी आनंदानं हॉर्न वाजवला. कळलं का मला काही त्या क्षणी? अजिबात नाही!

सोनईत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या घरासमोरच्या लिंबाखाली मी गाडी लावली, मागचं दार उघडलं. आई तुळशीची कुंडी घेऊन खाली उतरली. पोरं उतरली. शकूनं लिंबापासून गाडीपर्यंत दोरी बांधून निघायच्या घाईत तशीच आणलेली ओली धुणी वाळत टाकली आणि स्टोव्ह पेटवला.

तात्या ओसरीवरून धावत आले. "पावनं, ह्ये काय? आत चला की. जेवनं आमच्यात हायती."

"छे छे, तात्या! आमचं सगळं बरोबर आहे. झोपणं यात, स्वयंपाक यात. तुम्हाला कसली तोशीस नाही."

तात्यांनी गाडीकडं बघितलं. टांगलेल्या भांड्यांकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "अन् पोरगी कुटं हाय?"

"ती मावशीकडं ठेवलीय."

तात्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, माझं नियोजन बघून गार झाले.

तोवर तात्यांची बायको आईपाशी आली होती. तिचं लक्ष कुंडीवर गेलं. "तुळस बी आनली?"

"मंग काय करू बाई? मागं कोन हाय तिला बगायला?"

"अन् देव?"

"त्येबी डब्यात हायती."

त्या माउलीनं पदर तोंडाला लावला आणि ती लगबगीनं आत गेली.

मग गाव लोटलं! मी एकेकाला आत घेऊन दाखवायला सुरुवात केली. हे बाक, आता बघा पलंग. हे पिंप. इथं आंघोळ, हा पडदा ओढला की झालं. लोक बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि च् च् च् करायचे. मी म्हटलं, काय कौतुक करतायत! मला आणखी जोर चढला. पलंग मी सात वेळा घडी करून उलगडून दाखवला.

थोड्या वेळानं माणसं परत यायला लागली, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी डाळ, कुणी लसणाची गड्डी. एका म्हातारीनं स्वतःची वाकळ आणून ठेवली. दुष्काळात पायलीभर ज्वारी म्हणजे काय, हे तुम्हाला आज कळायचं नाही.

मी शकूला म्हटलं, "बघ, काय माणसं आहेत! नवी गाडी दारात आली की तिची ओटी भरायची पद्धत दिसते इकडं."

शकू म्हणाली, "अहो, ती म्हातारी रडत होती."

"कौतुकानं गं."

"माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ह्येबी दिस जातील पोरी."

"गाडीत उकडत असेल म्हणून म्हणाली असेल!"

हसू नका. मी खरंच असं म्हणालो.

सकाळी ओसरीवर बैठक बसली. तात्या, त्यांच्या भावकीतले पांढऱ्या मिशांचे आबा, आणखी चार माणसं. आम्हाला गूळ-पाणी दिलं. मी गाडीचं पुराण सुरू करणार तेवढ्यात तात्यांनी हात जोडले.

"पावनं, रातभर डोळ्याला डोळा न्हाई आमच्या. तुमी लाजू नगा. मळ्यातली कडब्याची खोली रिकामी करून सारवून घितलीय. म्हातारीला अन् पोरांना घिऊन तितं ऱ्हावा. तुळस दारात लावा. कामाचं म्हनाल, तर नाल्याच्या दुष्काळी कामावरचा मुकादम आपल्या वळखीचा हाय. तुमचं अन् वैनींचं नाव घालतो."

गुळाचा खडा माझ्या तोंडात तसाच राहिला. गिळवेना, थुंकवेना.

"आणि... लग्न?" मी कसंबसं विचारलं.

"हुनार की! पोरगी अन् नारळ द्या, बाकीचं आमी बगतो. घरदार गेलं म्हनून मानूस हलका हुतो का? आज तुमच्यावर, उद्या आमच्यावर."

आता बघा, कुणाही शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? हात जोडले असते आणि गप्प बसला असता! लग्न ठरलं होतं हो! आईनं मागून मला चिमटासुद्धा काढला. पण माझ्या डोक्यात काल रात्रीचं एकेक उलगडायला लागलं. ते च् च् च्. ती ज्वारी. ती वाकळ. शरमेनं माझे कान तापले. उपाशी गावानं मला भीक घातली होती, आणि मी त्यांना पलंगाची घडी दाखवत होतो! आणि खरं सांगतो, शरमेपेक्षाही माझ्या हुन्नराचा अपमान मला जास्त लागला.

मी ताडकन उभा राहिलो. "तात्या, काय बोलताय हे? माझं राहात्यात दुमजली घर आहे! वर्कशॉप आहे! पेरूची बाग आहे!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"मंग घराला काय झालं? जळलं?"

"नाही."

"भाऊबंदांनी भाईर काढलं?"

"नाही हो."

"भुताटकी हाय?"

"नाही!"

"मंग ह्यात का झोपता?"

मी म्हटलं, "हौस म्हणून."

"हौस?" आबा म्हणाले.

"हौस?" तात्या म्हणाले.

"हौस म्हनं, हौस!" आतून बायकांत कुजबुज झाली आणि ती मागच्या दारानं गल्लीत गेली. गावभर एकच शब्द फिरायला लागला. काल ज्यांनी ज्वारी दिली ती माणसं आता दाराशी येऊन मला बघत होती, पण जरा लांबूनच.

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घर गेलं असं समजल्यावरसुद्धा तो माणूस इतका हादरला नव्हता! त्यांनी आबांच्या कानाला लागून काहीतरी विचारलं, मग आईसमोर येऊन बसले. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, राग मानू नगा. गरिबी चालंल आमाला, ती आज हाय, उद्या जाईल. पर ह्ये... ह्ये असं तुमच्या घरात आनिक कुनाला हाय का? म्हंजे वाडवडलांत? आमाला नातवंडांचा इचार कराया लागतो."

म्हणजे मी वेडा? आणि माझ्यापायी सुमनचं तिसरं स्थळ हातचं जाणार? मी आईकडं बघितलं. म्हटलं, आई आता यांना चांगली सुनावेल.

आई उठली. माझ्याजवळ आली. सगळ्यांच्या देखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "न्हाई. ह्यो एकलाच. ल्हानपनी चिंचेवरनं पडला, डोक्यावर. सुमन तवा जलमली बी नव्हती. आमच्या रक्तात काय बी न्हाई."

अहो, मी जन्मात कधी कुठल्या झाडावरून पडलो नाही! बोलायला तोंड उघडलं तर शकू कानाशी फिसकारली, "अहो, सुमनवन्संसाठी तरी गप बसा!"

गप बसलो. काय करतो?

तात्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला. "पडल्यानं व्हय? मंग हरकत न्हाई. त्येला कोन काय करनार?" सुपारी फुटली. आबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ग्वाड... हाय. खावा."

ज्वारी परत करायला गेलो तर म्हातारी घेईना. "ठिव बाबा, ठिव," म्हणून मलाच थोपटलं. शेवटी शकूनं ज्याची त्याला परत नेऊन दिली.

लग्न थाटात झालं. मांडवात सोनईची दोन दांडगी माणसं सारखी माझ्या दोन बाजूंना. मी अक्षता टाकायला हात उचलला की तेही हात उचलायचे, माझा हात धरायला. गाडी तर लग्नाआधीच विकली होती, तशी तात्यांची एकुलती एक अट होती.

सुमनचा संसार छान चाललाय, देवाची कृपा. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा पिशवीतून एक बाटली काढली. "दादा, सासूबाईंनी घरी केलंय. ब्राह्मीचं तेल. रोज डोक्याला चोळायला सांगितलंय."

मी भडकलो. "आई, आता तरी हिला सांग ना, मी चिंचेवरून कधी पडलोच नव्हतो म्हणून!"

आईनं शांतपणे बाटलीचं बूच काढलं, मला पुढ्यात बसवलं आणि टाळूवर तेल थापलं.

"पडला असतास तर बरं झालं असतं रं," ती म्हणाली. "काय तरी कारन तरी असतं."