आजोबांचा नाच मी करून दाखवला नाही

एम. ए.ला मी नृत्य हा विषय घेतला, त्याचं मारेगावच्या आमच्या वस्तीत कोणाला फारसं वाटलं नाही. पोरगी विद्यापीठात शिकायला चालली, एवढंच त्यांना पुरे होतं. बाबांना मात्र ते लागलं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री, बोलणं कमी. प्रवेश झाल्याचं सांगितलं तेव्हा ते ओसरीवर बसून केसांतला कापूस झटकत होते. म्हणाले, "माह्या बापानं पाय थांबवले म्हणून आपण शाळेत गेलो. अन् तू आता नाच शिकाले चालली."

अडवलं मात्र नाही. नंतर फोनवर जेवण, तब्येत, मेसचं पाणी, सगळं विचारायचे. अभ्यासाचं कधी विचारलं नाही.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आजोबा तरुणपणी गावातल्या मोठ्या घरांच्या वरातीपुढे वाजवायचे, नाचायचे. तो त्यांचा शौक नव्हता, जातीनं वाट्याला आलेलं काम होतं. बोलावणं आलं की जायचं आणि उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते सोडलं आणि मजुरीला लागले.

आमच्या विभागात पुस्तकांपेक्षा माणसांकडून शिकण्यावर भर होता. नाच हा जिवंत वारसा आहे, तो नाचणाऱ्याच्या अंगात असतो, असं मॅडम सांगायच्या. वर्गात प्रत्येकानं आपल्या घरचं काही ना काही आणलं होतं. घाटंजीकडच्या बंजारा तांड्यातली माझी मैत्रीण लेंगी, म्हणजे होळीचं फेराचं गाणं, घेऊन आली, तेव्हा सगळा वर्ग तिच्यामागं फेर धरून नाचला. माझी पाळी आली तशी मी आजोबांचं सांगितलं. मॅडमचे डोळे चमकले. "यावरच लघुप्रबंध लिही. वडिलांना विचार, हालचाली जुळव आणि परीक्षेत करून दाखव."

मी हो म्हणून बसले, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बाबांना हे विचारायचं कसं?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. एका दुपारी आईनं बाबांचा डबा माझ्याजवळ दिला. जिनिंगमध्ये मशीन बंद होती, बाबा तिच्यात हात घालून बसले होते. कापसाच्या ढिगामागं सावलीत आम्ही डबा उघडला. अर्धी भाकर झाल्यावर त्यांनीच विचारलं, "कशावर लिहून राह्यली तू?"

"आजोबांच्या नाचावर," मी म्हणून गेले.

त्यांचा घास हातातच राहिला. आता उठून जातील, असं वाटलं. ते उठले, नळावर हात धुतले आणि परत येऊन बसले.

"लई चांगला नाचे थो," बाबा म्हणाले. "मी पाह्यलं ना एकदा. माह्या दहावीचा निकाल लागला तवा. आपल्याच अंगणात नाचला. कोणी बोलावलं नोतं, काही नोतं. मले अशी लाज वाटली, मी घरात पयालो."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, आजोबांचं नाव काढलं तर बाबा दुखावतील. पण ते आजोबांकडून ऐकलेलं एकेक सांगत राहिले. कोणाच्या वरातीत किती वेळ उभं ठेवायचे, पाणी कसं वरून ओतायचे, आजोबा घरी येऊन पाय कसे शेकायचे. मशीन तशीच उघडी पडली होती.

"लिही तू," शेवटी म्हणाले. "पण नीट लिहजो. कोणाच्या दारात, कोणाच्या हुकमानं, सारं लिहजो. नुसती कला कला करू नको."

"बाबा, परीक्षेत करूनही दाखवावं लागते."

"थो नाच तू कराचा नाही." आवाज चढला नव्हता. "त्यानं सोडला. आता त्याच्या पोरीच्या पोरीनं, पोराच्या पोरीनं, कोणीच कराचा नाही."

विद्यापीठात परत गेल्यावर मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. प्रात्यक्षिकाचे गुण जाणार, हे धरूनच चालले होते. मॅडम म्हणाल्या, "घरच्यांना चालेल का, हे मी तुला आधी विचारायला हवं होतं. नको करूस तो. पण काहीतरी दाखवावं लागेल. काय दाखवशील?"

मी वेळ मागून घेतला. रात्रीची भाजी निवडत असलेल्या आईला फोन केला, तर ती सहज म्हणाली, "आमची लेझीम हाये ना."

दरवर्षी जयंतीच्या आधी वस्तीतल्या बाया विहारासमोर लेझीम बसवतात. आई शिट्टी वाजवते. लहानपणापासून मी ते बघत आले, मिरवणुकीत त्यांच्यामागं चाललेही, पण अभ्यासाचा विषय म्हणून ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मॅडमना सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "बोलाव त्यांना."

परीक्षेच्या सकाळी आई आणि वस्तीतल्या मावश्या पांढऱ्या साड्या नेसून एसटीनं आल्या. लेझिमांचं पोतं बाबांच्या खांद्यावर होतं. ते येतील, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी आधी प्रबंध वाचून दाखवला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे हा नाच तुम्ही दाखवणार नाही?"

"नाही सर. ज्यांचा होता त्यांनी तो सोडला. घरच्यांना नको आहे, आणि मलाही ते पटलं."

त्यांनी मान डोलावली. "ठीक आहे. ही माहिती प्रबंधात आहे, तेवढी पुरे. आता जे दाखवणार आहात ते होऊ द्या."

आईनं शिट्टी फुंकली. मी रांगेत उभी राहिले. पहिल्याच फेरीत माझा पाय चुकला, शेजारच्या मावशीनं कोपरानं ढोसलं, आणि मग जमत गेलं. झाल्यावर परीक्षकांनी आईला विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाई. आधी गडीमाणसंच खेळत होते. मंग आमाले वाटलं, आपण काहून मांगं राहाचं?"

ते मोकळेपणी हसले. थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "छान झालं. काळजी करू नकोस."

बाबा कडुनिंबाखाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले होते. "काय म्हणे?"

"झालं बाबा. चांगलं झालं."

त्यांनी पिशव्या उचलल्या. "मंग चाला, आधी जेवून घेऊ. बाया सकायपासून उपाशी हायेत."

मीही त्यांच्याबरोबर गावी निघाले; बसमध्ये बाबांनी प्रबंध मागून घेतला. चष्मा लावून, बोट ठेवून वाचत होते. एके ठिकाणी शाईचा पेन काढून शुद्धलेखन दुरुस्त केलं. मागं मावश्यांचा गलका चालला होता. मी खिडकीला डोकं टेकलं, डोळा लागला आणि मारेगावच्या अलीकडचं वणी कधी आलं, मला कळलंच नाही.