साडूची वही

माझी बायको माझ्या गाडीत बसत नाही, साडूच्या गाडीत बसते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी त्याची राखाडी, आखूड, डब्यासारखी उभट गाडी येऊन थांबते. सुनंदा काठी टेकत जाते आणि दोघं उल्हासनगरला फिजिओथेरपीला निघून जातात. त्याच फाटकाच्या आत माझी पांढरीशुभ्र, लांबलचक, एका चार्जिंगला पाचशे किलोमीटर जाणारी इलेक्ट्रिक गाडी कव्हर घालून उभी असते. मी वरून खिडकीतून दोन्ही गाड्या बघतो. जळतो म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

साडू म्हणजे बाळ, माझ्या मेव्हणीचा, रोहिणीचा नवरा. पाळण्यातलं नावही बाळच, आता वय एकसष्ट. अंबरनाथला राहतो. तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीखात्यात होता. माल बाहेर पडण्याआधी त्याच्या हाताखालून जायचा. खिशात स्टीलची टेप आणि एक छोटी वही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. लग्नाला आला तरी झब्ब्याच्या खिशात टेप असते. त्याला कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला, "वापरणार कोण?" वस्तू चांगली की वाईट, ते त्यानंतर.

ह्या प्रश्नाने मला फार छळलं आहे. आम्ही मोठा फ्रिज घेतला तेव्हा त्याने विचारलं होतं, "स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईल ना?" मी हसण्यावारी नेलं. तो फ्रिज आजही हॉलमध्ये आहे. कोणी पाहुणे आले की सासूबाई त्याच्याकडे बोट दाखवतात, "बाळ म्हणाला होता हो." मोठा जावई मी, पण सासूबाईंच्या तोंडी बाळ. मागच्या अधिक महिन्यात त्यांनी दोघा जावयांना अनारशांचं वाण दिलं, तेव्हा घरी येऊन मी माझे मोजले. तेहतीस होते. मग सुनंदाला रोहिणीकडे फोन करायला लावून बाळचे किती ते विचारून घेतलं. तेही तेहतीसच. तरी त्याचे आकाराने मोठे असणार, असं मला अजून वाटतं.

अशा माणसाने नेमकं त्याच वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवावं, ज्या वर्षी मी ठरवलं!

गणपतीत दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर बाळने खिशातून टेप काढून आमचा दिवाण मोजला, मग सोफा मोजला. "विकत घेतोस की काय?" मी म्हणालो. तो नुसता हसला आणि वहीत काहीतरी लिहून म्हणाला, "अनंतराव, गाड्या मिळूनच बघू या ना. ताईंना घ्या, रोहिणी येईल. प्रत्येकीत बसून बघू."

मागच्या वर्षभरात तो कुठे कुठे गेला, ते सगळं त्याने वहीत मांडलं होतं. अंबरनाथ ते बदलापूर, उल्हासनगरचा बाजार, जांभूळला पुतण्याकडे आणि वर्षातून एकदा गुहागर. "दिवसाला तीस किलोमीटरच्या वर आपण जातच नाही. छोटी बॅटरी पुरे. गुहागरला जाताना वाटेत थांबू. आपण चहा पिऊ, तोवर गाडीही पिईल."

सगळे हसले, मी हसलो नाही. निवृत्तीपर्यंत माझी नोकरी विक्रीखात्यातली. सगळ्यांत मोठा आकडा माहितीपत्रकाच्या अगदी वर छापायचा, गिऱ्हाईक तेवढाच वाचतं, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवत आलो. आणि तोच मी, आकड्याला भुललो. मला फक्त बाळच्या आकड्याहून मोठा आकडा हवा होता. "माझं मी बघेन," असं म्हणून मी पुढच्याच आठवड्यात सुनंदाला घेऊन कल्याण रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गेलो.

तिथे चेतन नावाचा विक्रेता होता. "सर, पाचशे पाच की रेंज! टेन्शनच नाही. इथून पुणे, पुण्याहून रिटर्न, वर लोणावळ्याला थांबून चिक्की घ्या." मग त्याने एकेक सोय दाखवायला घेतली. काचेचं छप्पर, पाठीला गार वारा देणाऱ्या सीटा, चारी बाजूंना कॅमेरे, शिवाय नुसतं बोललं की काच खाली. मी "खिडकी खोलो" म्हटलं, काच खाली गेली. मी पुन्हा वर घ्यायला लावली आणि पुन्हा म्हटलं. तेवढ्यात सुनंदा पुढच्या सीटवरून दाराची चौकट धरून उतरत होती.

"अहो, सीट फार खाली नाही का? गुडघ्यावर येतंय."

"सवय होईल," मी म्हणालो आणि चेतनला छप्पर उघडायला सांगितलं.

गाडी दसऱ्याला आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू सगळं झालं. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून मी खाली लिहिलं, "रेंज ५०५". बाळची गाडी दिवाळीच्या पाडव्याला आली. त्याने फोटोसुद्धा टाकला नाही. रोहिणीने टाकला, आणि त्याला माझ्यापेक्षा सात अंगठे जास्त मिळाले.

पाचशे पाच मला काही दिसले नाहीत. एसी लावून, घाट चढून तीनशे सत्तर मिळतात. हे कुठून तरी बाळला कळलं आणि त्याचा फोन आला, "चांगले आहेत की. कागदावरचे वेगळे, रस्त्यावरचे वेगळे." टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्याच्या समजूतदारपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छप्पर मी आजवर तीनदा उघडलं. तिन्ही वेळा रस्त्याची धूळ आत आली.

जानेवारीत सुनंदाचा गुडघा बदलला. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला व्यायामाला यायला सांगितलं. माझ्या गाडीत बसताना ती सीटवर जवळजवळ पडायची. उतरताना मी तिचे दोन्ही हात धरून ओढायचो आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिसऱ्या खेपेला दवाखान्याच्या दारात, लोकांदेखत, तिला रडू फुटलं.

"मी रिक्षाने जाईन. ह्या गाडीत मला बसवू नका."

रिक्षाची वेळ आलीच नाही. पुढच्या मंगळवारी बाळ फाटकाशी हजर! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दोघं परतली तेव्हा सुनंदा लिफ्टमधून हसत बाहेर आली. ऑपरेशनपासून मला तिला एकदाही हसवता आलं नव्हतं.

मी स्वस्थ बसणार होतो थोडाच. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो आणि फोम मागितला. दुकानदार म्हणाला, "साईं, चार इंच का ले जाओ, बैठेगा नहीं." तो तुकडा सीटवर टाकला. सीट उंच झाली, पण आता सुनंदाचं डोकं काचेच्या छपराला लागायला लागलं. निव्वळ माझ्यासाठी ती बिचारी मान तिरपी करून पार्किंगमध्ये दोन मिनिटं बसली, मग म्हणाली, "काढा हो मला बाहेर."

मागच्या शुक्रवारी मी बाळला म्हटलं, आज मीही येतो. त्याच्या गाडीत काहीतरी खोट काढायचीच, अशा तयारीने मी मागे बसलो. सुनंदाने पुढचं दार उघडलं आणि घरच्या खुर्चीवर बसावं तशी बसली. कोणाचा हात नाही, कण्हणं नाही. गाडी अंबरनाथच्या दिशेने निघाली. समोरच्या सीटच्या खिशात बाळची वही होती. ह्याच्या छोट्या बॅटरीला खरे किती किलोमीटर मिळतात ते बघावं म्हणून मी ती हळूच काढली. दोनशेच्या आत निघाले असते तर माझा दिवस चांगला गेला असता.

किलोमीटर सापडण्याआधी गणपतीचं पान सापडलं. बारीक, सरळ अक्षर. "सुनंदाताई दिवाणावरून एकट्या उठल्या, २१ इंच. सोफ्यावरून उठताना हात लागला, १७ इंच. ऑपरेशन करावं लागेलसं दिसतं." खाली पाच गाड्या आणि प्रत्येकीसमोर जमिनीपासून सीटची उंची. माझ्या गाडीसमोर अठरा. पुढे लिहिलं होतं, "ताईंना जमणार नाही. अनंतरावांना सांगितलं पाहिजे." त्याखाली वेगळ्या शाईत, "त्यांचं बुकिंग झालं म्हणे. आता बोलून त्यांना वाईट वाटेल. आपण २३ ची घेऊ. वेळेला ताईंना उपयोगी पडेल."

गणपतीच्या त्या दुपारी मीही त्याच हॉलमध्ये होतो. सोफ्यावरून उठताना सुनंदाने हात मागितला असेल तर माझ्याकडेच मागितला असेल. मला आठवत नाही. कुठल्या गाडीची रेंज किती, हे मी कोणाला तरी सांगत होतो, तेवढं आठवतं. बाळचा हेवा मी तीस वर्षं केला, पण एवढा कधीच नाही. त्याच्या गाडीचा नव्हे. माझ्या बायकोचे गुडघे त्याला दिसले आणि मला दिसले नाहीत, ह्याचा.

मी पान उलटलं. वर मथळा होता, "वापरणार कोण". खाली नावं. रोहिणी. मी. सासूबाई. सुनंदाताई, पुढे. आणि सगळ्यांत शेवटी, "अनंतराव, मागे. पाय लांब आहेत, जागा मोजून घेणे."

सुनंदा पुढून वळली. "अहो, पाय पुरतात ना मागे?"

"पुरतात," मी म्हणालो.