मामाच्या थाळीची चरचर

माझ्या मामाची एक थाळी माझ्याकडे आहे. थाळी म्हणजे जेवायची नव्हे. ड्रमसेटच्या स्टँडवर बसवतात ती परातीएवढी झांज, पण मामा तिला थाळीच म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. तो सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा आणि ही त्याने तेव्हाच जुनी म्हणून विकत घेतली होती. म्हणजे आता तिचं वय विचारायला नको. तिच्या कडेला तीन भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात एक सैल रिव्हेट लोंबतो. सैलच हवा. काडी मारली की थाळी घुमते, आणि रिव्हेट तिच्या अंगावर थरथरत राहतात. मोहरी तडतडल्यासारखी सुरुवात होते, मग ती चरचर बारीक होत होत लांबत जाते. थाळी शांत झाली असं वाटतं, तरी ती सुरूच असते. दुसऱ्या कुठल्याही वाद्यात मी असला आवाज ऐकलेला नाही.

तिसरा रिव्हेट मूळचा नाही. कुठल्याशा दौऱ्यात तो गळून पडला, तेव्हा मामाने मामीच्या ट्रंकेचा रिव्हेट काढून तिथे बसवला. मामीने त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. पण त्या लोखंडी रिव्हेटमुळे सगळं विरल्यावर अगदी शेवटी एक कोरडी टिकटिक येते. मामाचा सगळा जीव त्या टिकटिकीत.

म्हातारपणी तो थाळीवर काडी मारायचा आणि तिच्याकडे टक लावून बघत बसायचा. मी सुट्टीला गेलेली असले तर विचारायचा, "थांबली का गं?"

"कधीच थांबली," मी पुस्तकातून डोकं वर न काढता सांगायचे.

"बरं," असं म्हणून तो काडी खाली ठेवायचा. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं थाळीवर फारच प्रेम. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण घरात त्याच्याकडून ड्रम शिकलेली मी एकटीच होते.

आम्ही नवरा-बायको हिंजवडीत नोकरी करतो आणि मुळशीकडे भुकूमला राहतो. निम्मं आयुष्य मधल्या रस्त्यावर जातं. उरलेल्यातला रविवार मी थाळीला देते. संपूर्ण ड्रमसेट वाजवला तर सोसायटीच्या ग्रुपवर माझा उद्धार होतो, पण एका थाळीला कोणी हरकत घेतलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात थाळीची चरचर गेली. काडी मारली की 'ठण्ण' व्हायचं आणि पुढे काहीच नाही. मी मुळशीच्या हवेला शिव्या घातल्या. इथे पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यांवर, कपाटातल्या साड्यांवर बुरशी चढते, तर रिव्हेट कसे वाचतील? थाळी पुसली, केस वाळवायच्या यंत्राने वाळवली, रिव्हेट एकेक करून हलवून पाहिले. सैल होते. तरी चरचर नाही. त्याच सुमाराला माझ्या हातून फोडण्या जळायला लागल्या होत्या. "अगं, मोहरी कधीची तडतडतेय," नवरा आतून ओरडायचा, आणि मी ओरडायचे, "मग तू कर!" या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

शेवटी पौड रस्त्यावर ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या एका माणसाकडे थाळी घेऊन गेले. म्हटलं, रिव्हेट बदलून द्या, हे मेलेत. त्याला दाखवायला म्हणून थाळी बोटावर तोलली आणि काडी मारली. मी पुढे बोलणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"थांबा की जरा, ताई. वाजतीय अजून."

"कुठे वाजतेय?"

"ही काय. लई ग्वाड वाजतीय." तो वाकून ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो सरळ झाला. "आता थांबली. शेवटाला टिकटिक केली बघा. रिबिटाला काय बी झालं न्हाई तुमच्या."

त्या टिकटिकीबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. थाळी घेऊन गाडीत बसले आणि रडले. इतकी की समोरचा रस्ता दिसेना.

कोथरूडच्या डॉक्टरांनी तेच जरा सभ्य भाषेत सांगितलं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, गेलेले परत येत नाहीत. बाकीचेही हळूहळू जातील. "बोलणं ऐकू येतंय ना, मग सध्या काळजी नको," ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. कानात घालायचं यंत्र घेतलं. ते घालून थाळी वाजवली, तर कोणीतरी कानाशी प्लास्टिकची पिशवी चुरगळतंय असं वाटलं. ते काढून डबीत ठेवलं आणि तेव्हा मला मामा कळला. तो प्रेमाने बघत नव्हता. कानांनी सोडलं होतं, म्हणून तो रिव्हेटचं थरथरणं डोळ्यांनी धरायला बघत होता.

मग नवऱ्याने एक युक्ती काढली. रविवारी सकाळी तो समोर खुर्चीवर बसायचा. मी काडी मारली की हात वर करायचा, आवाज असेपर्यंत वरच ठेवायचा आणि संपला की खाली आणायचा. त्याचा हात वर असेपर्यंत मी मनातल्या मनात चरचर ऐकायचे. आठवणीतली तर आठवणीतली, पण लांबी तरी खरी होती. आठवडाभर मी त्यावर जगायचे, खोटं कशाला सांगू.

परवाच्या रविवारी स्टँडचा स्क्रू ढिला झाला होता. काडी मारली तशी थाळी कलली. पडेल म्हणून मी ती दोन्ही हातांनी गच्च धरली. धरलेली थाळी वाजत नाही, कोणाचीच नाही. तिची थरथर माझ्या तळव्यांत विझली. तेवढं मला अजून कळतं.

मी समोर पाहिलं. नवरा डोळे मिटून बसला होता आणि त्याचा हात वर होता.

"आहे," तो म्हणाला. "अजून आहे."

मी थाळी तशीच छातीशी धरून उभी राहिले. त्याच्या चेहऱ्यावर मला आवडतो तो सगळा शांतपणा होता. मग हात सावकाश खाली आला, दर रविवारी येतो तसाच. त्याने डोळे उघडायच्या आत मी थाळी परत स्टँडवर टेकवली.

"आणि टिकटिक?" मी विचारलं.

"आली ना," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट."

मी स्क्रू आवळला. तो चहा ठेवायला आत गेला. त्याच्यावर चिडावं असं काही त्याने केलं नव्हतं, हेच मला सहन होईना. मामाला मी तोंडावर सांगायचे, "कधीच थांबली". त्यात माया नव्हती, पण ते खरं असायचं. आता थाळी वाजतेय की थांबलीये हे मला कळायचा मार्ग उरलेला नाही, आणि घरात विचारावं असंही कोणी नाही.